वाचक विचारतात : शेजारच्या वाडीशी सलोखा

९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनानिमित्त आम्ही वाचकांना विचारलं होतं : तुमच्या गावच्या कातकरवाडीशी, ठाकरवाडीशी, वारली पाड्याशी सलोखा करायचा तर कुठून सुरुवात करावी, आणि करायला गेलात तर कुठे अडलात? डहाणूपासून चिपळूणपर्यंतच्या पत्रांमधली निवडक पत्रं इथे घेतली आहेत. उत्तरं जमीन, वनहक्क आणि मजुरीच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या मंडळींनी दिली आहेत.

माझी मुलगी कॅनडात टोरांटोजवळ राहते. तिच्या मुलांच्या शाळेत ३० सप्टेंबरला सगळे नारिंगी सदरे घालतात. तिथल्या मूळ रहिवाशांशी सलोखा म्हणून. आपल्याकडे असा एखादा दिवस पाळता येईल का? — एक वाचक, चिपळूण

त्या सदऱ्यामागची हकिकत अशी. फिलिस वेबस्टॅड ही सहा वर्षांची मुलगी आजीने घेऊन दिलेला नवा नारिंगी सदरा घालून निवासी शाळेत गेली आणि पहिल्याच दिवशी तो तिच्याकडून काढून घेतला गेला. मूळ रहिवाशांची मुलं आईबापांपासून तोडून, त्यांची भाषा बंद करून वाढवणाऱ्या या शाळा शंभर वर्षांहून अधिक काळ चालल्या आणि सुमारे दीड लाख मुलं त्यांतून गेली. त्यावर 'सत्य आणि सलोखा आयोग' बसला, त्याने हजारो लोकांच्या साक्षी ऐकल्या आणि २०१५ साली ९४ कामांची यादी देशापुढे ठेवली. सदरा आणि सुट्टी हा त्या सगळ्याचा लहानसा भाग आहे. आयोगाच्या नावातही 'सत्य' आधी येतं, 'सलोखा' मागाहून.

तेव्हा दिवस जरूर पाळा, पण आधी आपल्याकडचं सत्य माहीत करून घ्या. कातकऱ्यांचं नावच खैराच्या लाकडापासून काढलेल्या कातावरून पडलं. १८७८च्या वन कायद्यानंतर जंगल राखीव होत गेलं, खैर तोडणं गुन्हा ठरला आणि हा समाज कोळशाच्या आणि विटांच्या भट्ट्यांवर गेला. आज महाराष्ट्रात केंद्र सरकारने विशेष असुरक्षित मानलेल्या तीन जमाती आहेत : कोलाम, माडिया गोंड आणि कातकरी. त्यांतली कातकरी आपल्या दारात आहे. तुमच्या गावात त्यांच्या घराखालची जमीन कुणाच्या नावावर आहे, एवढं तलाठ्याकडे विचारलंत तरी सुरुवात झाली.

आमच्या वडिलोपार्जित वरकस जमिनीत पंचवीस-तीस घरांची कातकरवाडी आहे. आजोबांच्याही आधीपासून ती माणसं तिथे आहेत. सातबारा आमच्या सात भावंडांच्या नावावर आहे, चौघे मुंबईत. आता जमिनीला गिऱ्हाईक येतंय. ही वाडी त्यांच्या नावावर करून द्यावी असं मला आणि धाकट्या भावाला वाटतं. कसं करायचं? — एक वाचक, रोहा तालुका

आलेल्या पत्रांत हे सगळ्यात मोलाचं, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, तुम्ही दान देत नाही आहात. कुळकायद्याची कलमं १६, १७ब आणि १८ एकत्र वाचा. जमीनमालकाच्या जागेवर स्वतःच्या खर्चाने घर बांधून राहणाऱ्या कुळाला घरातून काढता येत नाही आणि त्या जागेवर त्याचा हक्क पोहोचतो. कलम १८ने हेच संरक्षण शेतमजुरांना आणि कारागिरांना दिलं आहे. वाडीतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या तुमच्या शेतात राबली असतील, तर त्यांचा हक्क कायद्याने आधीच आहे, तो फक्त कागदावर आलेला नाही. भावंडांना पत्र लिहाल तेव्हा हेच लिहा. 'उपकार करू' म्हटलं की घरात वाद होतो. 'त्यांचं आहे, नोंद राहिली आहे' म्हटलं की बोलणं वेगळ्या वाटेने जातं.

तातडीचं काम म्हणजे अविभक्त हिस्सा कुणी विकू नये. अशा वाड्या मोडतात त्या बहुतेक इथेच. एक चुलतभाऊ आपला हिस्सा विकतो, घेणारा तारेचं कुंपण घालतो, आधी विहिरीची वाट बंद होते आणि मग घरं. सातही खातेदारांची वाडीपुरती लेखी संमती घ्या आणि घरं, विहीर, वाट यांची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात व्हावी म्हणून तलाठ्याकडे (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी) अर्ज द्या. अर्जाची पोच जपून ठेवा.

मग यादी करा. घरवार, नवरा-बायको दोघांच्या नावाने, आणि विधवा किंवा एकट्या बाईचं घर स्वतंत्र धरून. हे काम कधी करता याला फार महत्त्व आहे. दिवाळीनंतर निम्मी वाडी भट्टीवर गेलेली असते. जानेवारीत मोजणी लावलीत तर बंद घरं 'पडीक' म्हणून लिहिली जातात आणि ती कुटुंबं कायमची बाहेर राहतात. माणसं परततात ती अक्षय्य तृतीयेपासून मृगापर्यंत. यादी तेव्हा करा, वाडीत बसून मोठ्याने वाचून दाखवा आणि मगच मोजणीचा अर्ज भूमी अभिलेख कार्यालयात भरा.

मोजणीत फक्त घराचा चौथरा धरू नका. अंगण, शेळ्या बांधायची जागा, परसातला वेल, विहीर, वाडीचा देव, माणसं पुरण्याची जागा आणि मुख्य रस्त्यापर्यंतची वाट हे सगळं नकाशावर आलं पाहिजे. घरकुलाचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर आहे, पण तेवढ्यावर माणूस फक्त झोपू शकतो. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. घरामागे निदान एक गुंठा आणि वाट-विहिरीसाठी वेगळं क्षेत्र, असा हिशोब ठेवा.

नावावर करण्याचे दोन मार्ग आहेत. एक, जमीन महसूल संहितेच्या कलम १२२खाली त्या क्षेत्राला गावठाण ठरवून घ्यायचं. त्यासाठी तुमचं संमतीपत्र, ग्रामसभेचा ठराव आणि मोजणीचा नकाशा जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. दुसरा मार्ग, प्रत्येक कुटुंबाला नोंदणीकृत बक्षीसपत्र. इथे शेतजमिनीचे फार लहान तुकडे करायला मनाई करणारा तुकडेबंदीचा कायदा आडवा येऊ शकतो, म्हणून दस्त लिहिण्याआधी प्रांत कार्यालयात परवानगीचं विचारून घ्या. दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदलेलाच हवा. शंभराच्या स्टँपवर नोटरी करून दिलेल्या जमिनीची गोष्ट देणाऱ्याच्या मुलांच्या काळात कोर्टात संपते. वाडीतल्या एका पुढाऱ्याच्या नावे सगळं करू नका, आणि ट्रस्टच्या नावे तर मुळीच नको.

जमीन एकदा आदिवासीच्या नावे चढली की संहितेचं कलम ३६अ तिचं राखण करतं. बिगरआदिवासीला ती विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते, तीही शासनाच्या पूर्वसंमतीने. 'दिली तरी दारूपायी विकून टाकतील' असं भावंडांपैकी कुणी म्हणेल, त्याला हे कलम दाखवा. त्याच्या बोलण्यातला अपमानही त्याला दाखवा.

आणखी एक. वाडी तीव्र उतारावर किंवा ओढ्याच्या तोंडाशी असेल तर त्याच जागेचा कागद करून देणं म्हणजे धोका नावावर करून देणं. १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली ती आपण सगळ्यांनी पाहिली. अशा ठिकाणी तहसीलदारांकडून भूवैज्ञानिक पाहणी मागा आणि तुमच्याच जमिनीतला सपाट तुकडा वाडीला विचारून निवडा. खाडीकाठची जागा असेल तर सीआरझेडची (किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधनं घालणाऱ्या नियमांची) रेषा तपासा, नाहीतर घरकुल मंजूर होऊनही बांधकाम अडतं.

जागा नावावर झाली की विशेष असुरक्षित जमातींसाठीच्या पीएम-जनमन योजनेतून कातकरी कुटुंबाला घरासाठी २ लाख रुपये मिळू शकतात. जागा नाही म्हणून ही यादी अडलेल्या वाड्या कितीतरी आहेत. अर्जाचं ठिकाण पंचायत समिती. अडल्यास पेणचं एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय.

आमच्या गावच्या ठाकरवाडीतल्या लोकांचे वनहक्क दावे फेटाळले असं ऐकतो. आम्ही कुणबी. आम्ही त्यात काय करणार? आणि रायगडला पेसा लागू आहे का? — एक वाचक, सुधागड

पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा, रायगडला लागू नाही. कोकणात अनुसूचित क्षेत्र आहे ते पालघर आणि ठाणे जिल्ह्यांत. वनहक्क कायदा २००६ मात्र सगळीकडे लागू आहे. या दोन गोष्टींची गल्लत कचेरीतही होते, म्हणून ठणकावून सांगा.

तुम्ही खूप काही करू शकता. कायद्याच्या नियम १३मध्ये पुराव्यांची यादी आहे. तिच्यात दावेदाराखेरीज अन्य वडीलधाऱ्यांचं लेखी निवेदन हा पुरावा धरला आहे. तुमच्या गावातल्या ऐंशीच्या म्हातारबाबांनी 'हा दळीचा (डोंगरउतारावरच्या वनजमिनीतला) तुकडा यांचा आजा नाचणी-वरीला कसत होता, बांध त्यानेच घातला, पलीकडचं आंब्याचं झाड खूण आहे' एवढं सांगून अंगठा दिला, तर तो कागद झाला. दाव्याला निदान दोन पुरावे लागतात. दुसरा पुरावा जमिनीवरच असतो : बांध, विहीर, जुनं खळं, पुरलेल्या माणसांच्या जागा. दळीची जुनी नोंद सापडली तर उत्तमच. फक्त उपग्रहाच्या चित्रात शेत दिसत नाही म्हणून दावा फेटाळता येत नाही. पावसाळी नाचणीचा तुकडा मार्चच्या चित्रात दिसणार तरी कसा!

जमीन १३ डिसेंबर २००५ रोजी कसणुकीत असायला हवी, आणि कमाल ४ हेक्टर. फेटाळल्याचं कारण लेखी मिळालंच पाहिजे. ते हाती पडल्यापासून ६० दिवसांत वरच्या समितीकडे अपील जातं : ग्रामसभेविरुद्ध उपविभागीय समितीकडे, तिच्याविरुद्ध जिल्हा समितीकडे. बहुतेक ठिकाणी फेटाळल्याचं पत्र वाडीपर्यंत पोचलेलंच नसतं, म्हणून आधी माहिती अधिकारात ते मागा. ६० दिवस कळवल्यापासून मोजायचे असतात.

आणि ग्रामसभा. दाव्यांच्या ठरावाला निम्मे सभासद हजर लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश स्त्रिया. पेसाबाहेर ग्रामसभा अख्ख्या गावाची असते. तिथे तुम्ही गेला नाहीत तर गणसंख्याच भरत नाही आणि ठाकरवाडीचा दावा तिथेच पडून राहतो. घरातल्या बायकांना घेऊन जा. पट्टा मिळतो तो नवरा-बायको दोघांच्या नावे, वारसांना जातो, विकता येत नाही.

घर बांधतोय. पंधरा हजार विटा लागतील. भट्टीवर कातकरी कुटुंबं बघितली आणि मन खातंय. विटा न घेणं हा उपाय आहे का? — एक वाचक, पनवेल

विटा न घेतल्याने त्या कुटुंबाचं काही भलं होत नाही. कसं चालतं ते समजून घ्या. भात लावून झालं की हातात काम नसतं, घरात दाणा नसतो आणि समोर गणपती असतात. तेव्हा मुकादम उचल देतो. दिवाळीनंतर जोडपं मुलांसह भट्टीवर. मजुरी हजार विटांमागे ठरते, पण हाती येते फक्त आठवड्याची खर्ची. हिशोब पावसाच्या तोंडावर होतो, वही मालकाकडे असते, अवकाळी पावसात भिजलेली कच्ची वीट मजुराच्या नावावर पडते. शेवटी 'उचल फिटली नाही' म्हणून पुढचं वर्षही बांधलं जातं.

उचलीपायी माणूस कामाशी जखडला गेला की ती वेठबिगारीच, १९७६पासून कायद्याने बंद. किमान वेतनापेक्षा कमी पैशात करून घेतलेलं काम ही सक्तीची मजुरी आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात म्हटलं आहे.

ऑर्डर देताना मालकाला शांतपणे चार प्रश्न विचारा. हजारी दर काय देता? हिशोबाची वही मजुराकडेही आहे का? भिजलेली वीट कुणाच्या खात्यावर? मुलं कुठल्या शाळेत जातात? दर वाढवायला सांगा आणि तो तुमच्या बिलात धरायला सांगा. हजारी शंभर रुपये वाढले तर तुमच्या घराला दीड हजार जास्त लागतील, एवढीच ती रक्कम आहे. एक गिऱ्हाईक विचारतं तेव्हा मालक हसतो. गावातले पाच ठेकेदार विचारतात तेव्हा वही निघते.

मारहाण, डांबून ठेवणं, जायला मनाई असं दिसलं तर तिथे भांडू नका आणि व्हिडिओ टाकू नका. रात्रीत कुटुंब दुसऱ्या भट्टीवर हलवलं जातं आणि पुरावाच उरत नाही. जिल्हाधिकारी किंवा प्रांताकडे लेखी तक्रार द्या : भट्टीचं ठिकाण, कुटुंबांची संख्या, मूळ गाव, उचलीची रक्कम. मुलांसाठी १०९८ या हेल्पलाइनवर फोन करा. मुक्तीचा दाखला मिळाल्याशिवाय कुटुंबाला परत पाठवू देऊ नका, कारण पुनर्वसन त्या कागदावर मिळतं : तातडीची मदत ३० हजारांपर्यंत, पुढे पुरुषाला १ लाख, स्त्रियांना आणि मुलांना २ लाख, अतिगंभीर प्रकारात ३ लाख. श्रमजीवी संघटना आणि सर्वहारा जनआंदोलन यांना या कामाचा अनुभव आहे, त्यांच्या कार्यकर्त्यांना आधी भेटलात तर तक्रार नीट लिहिली जाते.

पत्रलेखकाला नव्हे, पण फार्महाऊस आणि आंबाबागा असलेल्या वाचकांना एक सांगायचं आहे. राखणदार जोडप्याला पाच-दहा हजार उचल देऊन त्यांची आधार कार्डं स्वतःच्या कपाटात ठेवणं, हा तोच प्रकार आहे. कार्डं आज परत करा.

आमची सोसायटी दर दिवाळीला वाडीवर फराळ आणि जुने कपडे वाटते. यंदा काही वेगळं करावं का? — सोसायटीचे सचिव, अलिबाग

हो. त्याच पैशात दाखल्यांचं काम करा. तालुक्याला एक खेप म्हणजे दिवसाची मजुरी बुडणं, वर गाडीभाडं, आणि तीन खेपांशिवाय दाखला मिळत नाही. सोसायटीतले निवृत्त कारकून, शिक्षक, बँकवाले यांनी प्रत्येकी दोन कुटुंबं धरावीत आणि शेवटपर्यंत सोबत जावं.

अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५०च्या आधीच्या वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा विचारतात. आजा शाळेतच गेला नाही, तर कागद कुठून येणार? तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४ शोधा, ज्याला कोतवाल बुक म्हणतात. त्यात जन्म-मृत्यूसोबत जात लिहिलेली असते. आडनावावर जाऊ नका, त्या काळी बहुतेकांचं आडनाव लिहिलेलंच नाही. नाव, बापाचं नाव आणि वाडी जुळवा. एका कुटुंबाला सापडलेली नोंद भावकीतल्या दहा घरांना चालते, फक्त वंशावळ नीट काढावी लागते. कागद 'काथोडी' म्हणतो आणि माणूस 'कातकरी' सांगतो म्हणून अर्ज परत येतो, तेव्हा अनुसूचीची प्रत पुढे ठेवा. ही दोन्ही नावं एकाच नोंदीत आहेत. काहीच सापडलं नाही तर गृहचौकशीची लेखी मागणी करा आणि पोच घ्या. खिडकीवरून तोंडी नकार घेऊन परत फिरू नका.

फराळ न्यायचा असेल तर न्या, पाहुणे म्हणून बसा आणि त्यांच्याकडचं खाऊन या. फोटो नकोत.

होमस्टेच्या भिंतींवर वारली चित्रं काढायची आहेत. यूट्यूबवर बघून आमचा पेंटर काढेल. यात काही गैर आहे का? — एक वाचक, केळवे

तुम्ही वारल्यांच्याच जिल्ह्यात आहात. डहाणू, तलासरी, विक्रमगडचे चित्रकार तासाभराच्या अंतरावर असताना यूट्यूब कशाला? चौरस फुटाचा दर आणि राहण्याजेवणाची सोय लेखी ठरवा, निम्मी रक्कम आधी द्या, भिंतीवर चित्रकाराचं आणि पाड्याचं नाव लिहा. तेच चित्र पुढे कप, पिशव्यांवर छापणार असाल तर तो वेगळा व्यवहार, वेगळा मोबदला.

लग्नाचा चौक, म्हणजे लग्नाच्या वेळी भिंतीवर काढतात ते चित्र, सजावट म्हणून मागू नका. तो सवासिनी काढतात, त्यात पालघट देवी बसते आणि धवलेरी (लग्न लावणारी बाई) गाते तेव्हा लग्न लागतं. जेवणाच्या टेबलामागे तो शोभेचा नाही. नाच, तारपा, शेत, मासे, झाडं यांची चित्रं आनंदाने काढून देतात. कशाला नको म्हणायचं हे चित्रकाराला ठरवू द्या.

पाहुण्यांना ही चित्रं दाखवाल तेव्हा १९४५ साली याच भागातल्या वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध केलेला उठाव आणि त्यात गोळीबारात पडलेले जेठ्या गांगड यांचंही नाव सांगा.

वर्गात भांडण झालं की मुलं एकमेकांना 'कातकरी' म्हणून चिडवतात. वाडीवरच्या चार मुली मग शाळेतच येत नाहीत. — शिक्षिका, माणगाव तालुका

चिडवणाऱ्या मुलाला वर्गासमोर रागावलात तर त्या चार मुलींकडेच सगळ्यांच्या नजरा वळतात. त्यापेक्षा तो शब्द अभिमानाच्या जागी आणा. २५ सप्टेंबर १९३०ला उरण तालुक्यातल्या चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात गोळ्या झेलणाऱ्यांत नाग्या महादू कातकरी होते. आगरी, कुणबी, कोळ्यांच्या मुलांनाही हा धडा आपलाच वाटेल. सहल चिरनेरला न्या, हुतात्म्यांची नावं मुलांकडून वाचून घ्या. वाडीतल्या एखाद्या आजीला मानधन देऊन वर्गात बोलवा. खेकडा कुठल्या बिळात असतो आणि कुठला कंद कधी खणतात, हे तिच्याइतकं तालुक्यात कुणाला ठाऊक नाही. पालक नोव्हेंबरात भट्टीवर निघाले की मुलांच्या हाती शिक्षण हमी कार्ड द्या आणि तिथल्या शाळेला फोन करा. कार्ड दिलं पण फोन केला नाही, तर मूल सहसा भट्टीवरच राहतं.

रानभाज्या घेताना घासाघीस करू नये, एवढं कळतं. आणखी काय? — एक गृहिणी, पेण

भाजी ओळखून मागा. शेवळं पहिल्या पावसाच्या सुमाराला, मग टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोली. शेवळांसोबत काकडं (आंबट रानफळं) मागून घ्या, नाहीतर घशाला खाज येते आणि दोष विकणारीवर जातो. भाजी कशी करायची ते तिलाच विचारा. ती पहाटे डोंगर उतरून आलेली असते आणि दुपारच्या गाडीला परत निघते, म्हणून 'उरलेलं स्वस्तात' मिळेल म्हणून बारा वाजता जाऊ नका. सकाळी जा, तिने सांगितलेल्या भावाने वाटा घ्या. बाजारात तिला फूटपाथवरून हटवलं जात असेल तर नगरपालिकेकडे आपल्या सह्यांचा अर्ज द्या : आठवडी बाजारात रानभाजी विकणाऱ्या बायकांसाठी आखलेली, पावसाचं छप्पर असलेली, पट्टी न घेतली जाणारी जागा. गिऱ्हाइकांच्या पन्नास सह्या असलेला अर्ज त्यांच्या एकट्यांच्या अर्जापेक्षा लवकर वाचला जातो.